सात नंबरच्या टाकीशेजारचा कोरडा कप्पा : निमरॉड एक्सव्ही २३० चं प्रकरण

२ सप्टेंबर २००६, शनिवार. अफगाणिस्तानात कंदहार भागावर ब्रिटिश हवाई दलाच्या एका निमरॉड विमानाने ट्रायस्टार टँकरकडून हवेतल्या हवेत इंधन घेतलं आणि ते बाजूला झालं. त्यानंतर जेमतेम दीडेक मिनिट गेलं असेल. ग्रीनिच वेळेनुसार ११ वाजून ११ मिनिटांनी कॉकपिटमध्ये बॉम्ब-बेला, म्हणजे विमानाच्या पोटातल्या बॉम्ब ठेवायच्या कप्प्याला, आग लागल्याचा इशारा वाजला. त्याच सुमारास फरशीखालच्या कप्प्यात धूर असल्याचंही कळलं.

चालक दलाने 'मेडे' हा संकटाचा संदेश पुकारला, केबिनमधला दाब सोडून दिला आणि कंदहारच्या धावपट्टीच्या दिशेने विमान खाली आणायला घेतलं. दोन-तीन मिनिटांत कॅमेरा हाताळणाऱ्याने सांगितलं, उजव्या बाजूच्या इंजिनांच्या मागून ज्वाळा येताहेत. एक हॅरियर लढाऊ विमान मागोमाग खाली आलं होतं. जमीन सुमारे तीन हजार फुटांवर राहिली असताना त्या वैमानिकाच्या डोळ्यांदेखत निमरॉडचा पंख फुटला आणि पाठोपाठ सगळं विमान. पहिल्या इशाऱ्यापासून तोवर सहा मिनिटं गेली होती. आत १४ जण होते. हवाई दलाचे १२, एक रॉयल मरीन आणि एक भूदलाचा सैनिक. कुणीही वाचलं नाही.

मी विमानक्षेत्रातला नाही. रसायन कारखान्यांमध्ये धोक्यांचा अभ्यास करायचा, त्याचे तक्ते भरायचे आणि त्या तक्त्यांवर सह्या घ्यायच्या, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. या अपघाताच्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल जवळपास सहाशे पानांचा आहे. तो पहिल्यांदा वाचताना मी मधेच थांबलो आणि आमच्या प्लँटचे जुने तक्ते काढून बसलो. तेव्हापासून नव्या माणसाला हाताखाली घेतलं की आधी हे प्रकरण सांगतो. इथे ते सविस्तर लिहितोय.

पाणबुडीमागे फिरणारं विमान

निमरॉड हे समुद्रावरचं विमान. जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान म्हणजे कॉमेट, त्याच्या सांगाड्यावर ते बेतलेलं. १९६९ मध्ये ते हवाई दलात आलं आणि दलाच्या ताब्यात आलेलं पहिलं निमरॉड होतं हेच, एक्सव्ही २३०. अपघाताच्या दिवशी ते ३७ वर्षांचं होतं. गोव्याला दाबोळीला उतरताना नौदलाच्या हंसा तळावरची पी-८आय विमानं ज्यांनी पाहिली असतील त्यांना ही जात लगेच कळेल. अंगकाठी प्रवासी विमानाची, पोटात टॉरपीडो, आणि पाण्यात टाकून पाणबुडीचा आवाज ऐकायला सोनोबॉय.

या विमानाचं काम चिकाटीचं असतं. किनाऱ्यापासून शेकडो मैल जायचं, मग समुद्राच्या एका तुकड्यावर तासन्‌तास घिरट्या घालायच्या. पाणबुडी एकदा हातची गेली की पुन्हा सापडणं मुश्कील, म्हणून जो जास्त वेळ हवेत टिकेल त्याची सरशी. अपघाताची कारणं बघायला गेलं की सगळी याच गरजेपाशी येऊन थांबतात. विमानाला जास्त वेळ, जास्त लांब, जास्त उपकरणांसह उडवायचं होतं, आणि त्यासाठी तीन वेळा त्याच्यात काही ना काही बसवलं गेलं.

पहिली गोष्ट मुळातच होती. निमरॉडला चार स्पे इंजिनं, प्रत्येक पंखाच्या मुळाशी दोन-दोन पुरलेली. घिरट्या घालताना इंधन वाचावं म्हणून त्यातलं एक, कधी दोन इंजिनं मुद्दाम बंद ठेवत. ती पुन्हा सुरू करायला चालू इंजिनातली गरम, दाबाखालची हवा दुसऱ्या बाजूला न्यावी लागते. त्यासाठी विमानाच्या आडव्या अंगाने एक पाइप टाकलेला होता. तो क्रॉस-फीड डक्ट.

दुसरी भर १९७९ ची. एमआर-२ ही सुधारित आवृत्ती आली तेव्हा रडार आणि इतर इलेक्ट्रॉनिक सामान वाढलं, त्याबरोबर आतली उष्णताही वाढली. ती काढायला एक जादा वातानुकूलन यंत्र बसवलं. ते चालवायलाही इंजिनातलीच गरम हवा लागायची, म्हणून क्रॉस-फीड डक्टला एक फाटा फोडून नवा पाइप मागे नेला. पूर्वीचा पाइप फक्त इंजिन सुरू करण्यापुरता तापायचा. आता हे यंत्र चालू असेल तितका वेळ पाइप तापलेला राहू लागला. त्याच्या पृष्ठभागाचं तापमान ४०० अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ शकत होतं.

तिसरी भर फॉकलंडच्या युद्धाने घातली. १९८२ मध्ये दक्षिण अटलांटिकपर्यंत पोचायचं म्हणून काही आठवड्यांत घाईघाईने निमरॉडला हवेत इंधन घेण्याची सोय करण्यात आली. युद्धाच्या धामधुमीत हे समजण्यासारखं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. १९८९ मध्ये मात्र तीच सोय रीतसर, कायमची झाली. तेव्हा घाई नव्हती. जमिनीवर शांतपणे टाकी भरणं वेगळं आणि टँकरच्या नळीतून दाबाने इंधन येणं वेगळं. टाकी काठोकाठ भरली की जादा इंधन व्हॉल्व्हमधून बाहेर फेकलं जातं, ते विमानाच्या अंगावरून मागे कुठे वाहत जातं, याचा विचार तेव्हा पुरेसा झाला नाही.

समुद्रापासून इतक्या दूर, वाळवंटावर हे विमान काय करत होतं, असा प्रश्न पडेल. त्याच्या पोटाखाली एक उत्तम कॅमेरा बसवला होता आणि हवेत टिकण्याची ताकद त्याच्याकडे होतीच. खाली लढणाऱ्या तुकड्यांना वरून चित्र दाखवायचं, त्यांचे रेडिओ संदेश पुढे पोचवायचे, या कामांसाठी ते मागवलं जाई. त्याच दिवशी कंदहारजवळ पंजवाई भागात नाटोची मोठी मोहीम सुरू झाली होती. आखातातल्या तळावरून यायचं आणि दिवसभर वर राहायचं म्हणजे हवेत इंधन घेणं आलंच. अडीअडचणीला म्हणून बसवलेली सोय आता रोजच्या वापरात आली होती.

कप्पा

पंख जिथे धडाला मिळतो तिथे सात नंबरची इंधन टाकी आणि तिच्या शेजारी एक मोकळा कप्पा. त्यात इंधन साठवत नाहीत, म्हणून त्याला कोरडा कप्पा म्हणायचं. नावाला कोरडा, पण आतून इंधनाचे पाइप जातात, त्या पाइपांना जोड आहेत, जोडांना रबरी सील आहेत. उजव्या बाजूच्या कप्प्यात याच गर्दीतून क्रॉस-फीड डक्ट आणि त्याला फोडलेला फाटा जातो, आणि तोही कप्प्याच्या तळाशी. गळलेलं, ओघळलेलं काहीही शेवटी जिथे येऊन साचणार, बरोबर तिथे.

पाइपावर उष्णतारोधक वेष्टण होतं. पण सरळ पाइपावर वेष्टण नीट बसतं, जोड आणि वळणं आली की ते तुकड्या-तुकड्यांत लावावं लागतं, आणि दोन तुकड्यांमध्ये फट राहते. त्या फटीत उघडा धातू.

आमच्याकडे थर्मिक फ्लुइडच्या लाइनवर काम केलेल्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही. गरम तेलाच्या लाइनवरची फ्लँज, म्हणजे दोन पाइपांचा जोड, थोडीशी पाझरत असते. तेल खाली टपकत नाही, कारण लॅगिंग, म्हणजे पाइपावरचं उष्णतारोधक वेष्टण, ते पिऊन टाकतं. बाहेरून ॲल्युमिनियमचं क्लॅडिंग चकचकीत, कुणाला काही दिसत नाही. मी ज्या कारखान्यात पहिली नोकरी केली तिथे एका रात्रपाळीला ऑपरेटर म्हणाला, "साहेब, लाइनमधून वाफ येतेय." थर्मिकच्या लाइनमध्ये वाफ कुठली? जाऊन पाहिलं तर क्लॅडिंगच्या शिवणीतून निळसर धूर निघत होता. फिटरने स्क्रू काढून पत्रा उचलला, आत हवा शिरली आणि तेल प्यालेल्या काचलोकरीने डोळ्यांसमोर पेट घेतला. हातात अग्निशामक तयार होता म्हणून निभावलं. ठिणगी नव्हती, उघडी ज्योत नव्हती. पुरेसा तापलेला पृष्ठभाग आणि त्यावर जिरलेलं तेल, एवढ्यावर आग लागते.

निमरॉडच्या कप्प्यातही हेच झालं, असं चौकशीत निष्पन्न झालं. इंधन आलं कुठून, याच्या दोन शक्यता मांडल्या गेल्या. हवेत भरताना एक नंबरची टाकी ओसंडली आणि बाहेर पडलेलं इंधन अंगावरून मागे वाहत कप्प्यात शिरलं, ही एक. कप्प्यातल्या एखाद्या जोडातून ते गळलं, ही दुसरी. पेट कशाने घेतला याबद्दल मात्र शंका उरली नाही. त्या उघड्या फटीतल्या तप्त पाइपाने.

आणि या कप्प्यात आग कळण्याची सोय नव्हती, विझवण्याचीही नव्हती. उडत्या विमानात तिथवर हात पोचत नाही. पहिला इशारा बॉम्ब-बेचा आला, म्हणजे आग मूळ जागेतून पुढे पसरल्यावर. त्या सहा मिनिटांत चालक दलाने कार्यपद्धतीत सांगितलेलं सगळं केलं, शांतपणे केलं. अहवाल त्यांच्यावर कसलाही ठपका ठेवत नाही. जी आग विझवायचं साधनच हाताशी नव्हतं, तिच्यापुढे ते काय करणार होते?

एच ७३

इथवरचा भाग तांत्रिक झाला. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा पुढे आहे.

अपघाताच्या आधी, २००१ ते २००५ या काळात, निमरॉडचा 'सेफ्टी केस' तयार झाला होता. विमानातले सगळे धोके शोधायचे, प्रत्येकाची शक्यता आणि परिणाम ठरवायचे, तो कसा आवरला आहे हे लिहायचं, आणि शेवटी हे विमान उडवायला पुरेसं सुरक्षित आहे हे पुराव्यानिशी दाखवायचं, असा तो दस्तऐवज. काम विमानाचा कारभार वारशाने ज्यांच्याकडे आला होता त्या बीएई सिस्टिम्स या कंपनीने केलं. स्वतंत्र सल्लागार म्हणून क्विनेटिक ही कंपनी होती. मान्यता द्यायची होती संरक्षण मंत्रालयाच्या निमरॉड गटाने.

त्यात या कप्प्यातल्या आगीच्या धोक्याला क्रमांक होता, एच ७३. हे वाचलं तेव्हा मला सर्वांत जास्त लागलं. धोका कुणाला सुचलाच नव्हता असं नाही. रकाना होता. जागा बरोबर होती. इंधन आणि गरम पाइप एकत्र आहेत हे कागदावर आलं होतं.

२००४ च्या ऑगस्टअखेरीस काम पूर्ण झाल्याचं सांगायला बैठक भरली. त्या वेळी सुमारे ४० टक्के धोके अजून 'खुले', म्हणजे निकाली न निघालेले, होते आणि सुमारे ३० टक्क्यांचं वर्गीकरणच झालेलं नव्हतं. त्यांच्यापुढे शिफारस म्हणून एक गोल वाक्य होतं, 'अधिक काम आवश्यक'. ही स्थिती बैठकीत ग्राहकापुढे, म्हणजे मंत्रालयापुढे, मांडली गेली नाही. स्वतंत्र सल्लागारांनी बीएईचे अहवाल न वाचताच कामाला पाठिंबा दिला. मंत्रालयाच्या गटात हे काम तुलनेने कनिष्ठ माणसावर सोपवलेलं होतं आणि वरून नीट देखरेख नव्हती. पुढे गटाने उरलेले धोके स्वतःच निकालात काढले आणि एच ७३ पुढे लिहिलं, 'सहन करण्याजोगा'.

असं का झालं याचं अहवालातलं उत्तर मी अनेकदा वाचलंय. सगळ्यांनी सुरुवातीलाच एक गोष्ट गृहीत धरली होती. हे विमान तीस वर्षं उडतंय, म्हणजे ते सुरक्षितच आहे. मग अभ्यास उरला तो आधीच ठरलेल्या उत्तराला कागद जोडण्यापुरता. चौकशी करणारे चार्ल्स हॅडन-केव्ह हे तेव्हा पेशाने बॅरिस्टर होते. त्यांनी या सेफ्टी केसबद्दल लिहिलं की हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत दयनीय होतं, चुकांनी भरलेलं होतं, आणि मुख्य धोके त्यातून निसटले. अपघात टाळण्याची सर्वांत चांगली संधी इथेच गेली, असंही त्यांनी म्हटलं.

तीस वर्षं काही झालं नाही, हे वाक्य मी महाराष्ट्रातल्या कितीतरी कारखान्यांत ऐकलंय. बोलणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण फाटा १९७९ चा, इंधनाची कायमची सोय १९८९ ची आणि तिचा रोजचा वापर त्याहून अलीकडचा. म्हणजे ज्या स्वरूपात एक्सव्ही २३० त्या शनिवारी उडालं, त्या स्वरूपाला तीस वर्षांचा अनुभव नव्हताच. वय मोजताना सांगाड्याचं मोजलं गेलं आणि बदलांचं राहून गेलं. आम्ही आता प्रत्येक अभ्यासाच्या पहिल्या पानावर उपकरणाच्या वयाबरोबर शेवटच्या मोठ्या बदलाची तारीखही लिहितो. हा नियम मी या प्रकरणावरूनच उचलला.

आधीचे इशारे

१९९८ मध्ये निमरॉडच्या उड्डाणयोग्यतेची पाहणी करणाऱ्या एका पथकाने अहवाल दिला होता. ताफा जुना होतोय, माणसं कमी आहेत, विमान मोहिमेला उपलब्ध ठेवण्याचा दबाव आणि उड्डाणयोग्यता यांची ओढाताण होतेय, असा त्याचा रोख. त्यानंतरची वर्षं फेररचनेत गेली. पुरवठा आणि देखभालीचा सगळा पसारा एका छत्राखाली आणला गेला आणि पाच वर्षांत खर्च २० टक्के कमी करण्याचं उद्दिष्ट दिलं गेलं. ज्यांनी विमानांच्या दुखण्यांकडे बघायचं, त्यांचा वेळ खुर्च्या आणि अंदाजपत्रकं हलवण्यात जाऊ लागला.

नोव्हेंबर २००४ मध्ये एक्सव्ही २२७ या दुसऱ्या निमरॉडमध्ये याच जादा वातानुकूलन यंत्राकडे जाणारा गरम हवेचा पाइप उड्डाणात फुटला. ते विमान सुखरूप उतरलं. पाइप गंजला होता, तो बदलायला हवा, इथपर्यंत विचार झाला. हा पाइप ज्या-ज्या कप्प्यांतून जातो तिथे शेजारी काय आहे, हा पुढचा प्रश्न विचारला गेला नाही. सेफ्टी केसचं काम तेव्हा हातात होतं, टेबलावर होतं. एच ७३ चं पान उघडून बघायला याहून चांगली वेळ कोणती होती?

नंतर

हवाई दलाच्या चौकशी मंडळाचा अहवाल डिसेंबर २००७ मध्ये जाहीर झाला आणि संरक्षणमंत्री डेस ब्राउन यांनी कुटुंबीयांची माफी मागितली. कुटुंबीय तेवढ्यावर थांबले नाहीत. मे २००८ मध्ये मृत्यूची चौकशी करणारे कोरोनर अँड्र्यू वॉकर यांनी सांगितलं की हा ताफा कधीच उड्डाणयोग्य नव्हता, तो जमिनीवर उतरवा. सरकारने ते मानलं नाही. हॅडन-केव्ह यांचा अहवाल २८ ऑक्टोबर २००९ रोजी आला. त्यांनी मंत्रालय आणि हवाई दल, बीएई आणि क्विनेटिक इथल्या मिळून दहा जणांची नावं घेऊन टीका केली. अशा अहवालात हे क्वचित घडतं. 'यंत्रणेचा दोष' म्हणून हात झटकणं त्यांनी कुणालाच शक्य होऊ दिलं नाही, आणि यंत्रणेलाही सोडलं नाही. 'सेफ्टी केस' हे नावच बदलून 'रिस्क केस' म्हणा, अशी त्यांची शिफारस होती, कारण पहिलं नाव लिहिणाऱ्याला आधीच निष्कर्ष सांगून टाकतं. दस्तऐवज आटोपशीर असावा, विमान वापरणाऱ्यांनी स्वतः लिहिलेला असावा, कुणालाही वाचून कळावा, असंही ते म्हणाले. आमच्याकडे सल्लागाराने पाठवलेल्या चारशे पानी बाइंडिंगकडे बघताना हे मला दर वेळी आठवतं.

एप्रिल २०१० मध्ये ब्रिटनने लष्करी उड्डाणांसाठी वेगळं नियामक प्राधिकरण उभारलं. एमआर-२ विमानं त्याच मार्चअखेर निवृत्त झाली. त्यांच्या जागी यायचा होता तो एमआरए-४ प्रकल्प खर्च आणि विलंबाने आधीच बेजार झाला होता, तो ऑक्टोबर २०१० मध्ये रद्द झाला. चहूबाजूंनी समुद्र असलेला हा देश पुढची जवळजवळ दहा वर्षं स्वतःच्या सागरी टेहळणी विमानाशिवाय राहिला आणि पाणबुडीचा संशय आला की मित्रदेशांची विमानं बोलवत राहिला. पहिलं पी-८ पोसायडन फेब्रुवारी २०२० मध्ये स्कॉटलंडमधल्या किनलॉसला उतरलं. एक्सव्ही २३० चं चालक दल याच किनलॉसचं होतं.

एक घटना मागे राहिली. ५ नोव्हेंबर २००७ ला, म्हणजे १४ महिन्यांनी, एक्सव्ही २३५ हे निमरॉड अफगाणिस्तानवर हवेत इंधन घेत होतं. चालक दलाला बॉम्ब-बेमध्ये इंधन गळताना दिसलं. जात तीच, देश तोच, काम तेच, आणि गळतीही इंधन भरतानाचीच. त्यांनी 'मेडे' दिला आणि कंदहारची वाट धरली. एक्सव्ही २३० नंतर निमरॉडमधला तो गरम हवेचा पाइप उड्डाणात वापरणं बंद केलेलं होतं, त्यामुळे कप्प्यातला धातू थंड होता. विमान कंदहारच्या धावपट्टीवर टेकलं आणि सगळे जण चालत उतरले. त्यानंतर निमरॉडने हवेत इंधन घेणं थांबवण्यात आलं.